आज कोण येऊन गेलं

कोरियातल्या तेजॉन शहरात एका छोट्या कंपनीत म्योंगसुक वेबसाइटचं काम बघायची. साइट म्हणजे शाळकरी पोरांनी रोजनिशी लिहायची जागा. पण तेव्हा इंटरनेटवर जिकडेतिकडे मैत्री जोडायचं खूळ शिरलेलं. मालक पोंगसाहेब म्हणाले, "नुसत्या डायऱ्या कोण वाचतंय, बाई? पोरांना मैत्री जोडू द्या. आणि पानावर कोण किती वेळा येऊन गेलं ते नावासकट दिसू द्या, जुन्या नोंदी धरून. आपल्याकडे कोण डोकावतंय हे कळल्याशिवाय कुणाला चैन पडतं का?"

म्योंगसुकला आधी दासोमचं पान आठवलं.

दासोम तिच्या पोटची पोर. घटस्फोट झाला तेव्हा तीन वर्षांची. पोर बापाच्या घराण्याची, म्हणून सासूने ठेवून घेतली. वर हिच्याकडून वचन घेतलं, ती कॉलेजात जाईपर्यंत तोंड दाखवायचं नाही. मेलं ते वचन, हिने दहा वर्षं पाळलं. गेल्या वर्षी साइटवर दासोमचं पान सापडलं, तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ही तेच वाचत बसायची. गणितात नापास. कुत्रं आजारी. नवे बूट चावतात.

खोट्या नावाने जायची सोय नव्हती. सरकारी ओळख क्रमांक दिल्याशिवाय खातंच उघडत नसे. पण आपलं नाव यादीतून गाळणं हिच्या हातात होतं, प्रोग्रॅममधल्या एका ओळीचं काम. तिने ती ओळ लिहिली आणि खोडली. दिसू दे की पोरीला आईचं नाव. मी काय चोर आहे?

सोमवारी यादी सुरू झाली. मंगळवारी संध्याकाळी दासोमचा निरोप आला.

"काकू, तुम्ही कोण? तीनशे बारा वेळा आलात. मी आईला विचारलं, तीही ओळखत नाही म्हणाली."

आई म्हणजे बापाची दुसरी बायको. आणि दहा वर्षांत त्या घरात पोरीला हिचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. म्योंगसुकने दोनदा 'मी तुझी' एवढं लिहिलं, दोनदा पुसलं. तेरा वर्षांची पोर, घरात आई आहे तिला. तिच्या भरल्या ताटात माती कशी कालवायची? शेवटी तिने लिहिलं, "साइटचं काम करते मी. पान नीट उघडतंय का, ते बघायला येत होते."

उत्तर लगेच आलं. "असं होय. सगळं नीट आहे, काकू. आता नाही आलात तरी चालेल."