गंडा न बांधलेली चतुरा

पाराभोवती अख्खी वाडी जमली होती. मधोमध बन्सी उघडाबंब बसला होता, अंगावर डास घोंगावत होते, आणि त्याचा मामा पुंजाराम भगत पोराच्या दंडावरचा काळा गंडा सगळ्यांना दाखवत होता.

"बघा! नाल्याकाठी निजतं पोरगं, पर हिवताप शिवत नाय. देवी माईचा गंडा हाय, हिवतापाचा बाप बी पळंल!"

लोक हात जोडत होते. मी देवगाव रंगारीच्या शाळेचा मास्तर. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोलीस ॲक्शनमध्ये निजाम गेला, हिवताप मात्र दर पावसाळ्यात परत येत होता. गंडा बांधलेली पोरंही दगावली होती. त्यावर भगताचं उत्तर तयार असे, "पथ्य मोडलं. वांगं खाल्लं आसंल." वांग्याला तोंड नव्हतं म्हणून भगताचं निभावलं.

वच्छलाबाईचा लहानगा मुलगा सांडू तिच्या मांडीवर तापानं फणफणत होता. सकाळी त्याला झटका आला होता. दंडावर गंडा होताच. जीपमधून आलेल्या डॉक्टर ताहेराबाई सुई भरून उभ्या होत्या आणि भगत ओरडत होता, "सुई टोचली की गंडा बाटतो! मंग मी जिम्मेदार नाय!"

"वच्छलाबाई, ताप मेंदूत चाललाय. पोर हातचं जाईल," डॉक्टर म्हणाल्या.

"बन्सी वाचला नं गंड्यानं!" ती लेकराला घट्ट धरून रडत होती.

तेवढ्यात बन्सीची धाकटी बहीण चतुरा पुढं आली. "ताप आमा दोघांनाबी आला व्हता. मामानं बन्सीला ताप उतरस्तवर घरात लपवलं. मी तशीच खेळत व्हते. पोरींना मामा गंडा बांधत नाय. मंग मी कशी जगले?"

भगत तिच्या अंगावर धावला. मी आडवा झालो. वच्छलाबाईनं एकदा चतुराकडं पाहिलं, खाली वाकून दातांनी गंडा तोडला आणि म्हणाली, "टोचा, बाई."

सांडूला जीपमधून औरंगाबादला नेलं. तो आपल्या पायांनी चालत परत आला, तेव्हा कुठं मला धड जेवण गेलं.

मग डॉक्टरांनी पारावरच सूक्ष्मदर्शक मांडला. बन्सी-चतुराच्या रक्ताचा थेंब काचेखाली, हवा लागू न देता ठेवला होता; हवा तुटली की असल्या रक्तातल्या पेशींचा खरा आकार दिसतो, असं त्या म्हणाल्या. वच्छलाबाईनं डोळा लावला.

"अगं बाई! हे तर इळ्यावानी वाकडं झालंय!"

"आणि या सांडूच्या रक्तपेशी बघा, गोल," डॉक्टर म्हणाल्या. "बन्सी-चतुराला हा गुण जन्मतःच आई-बापांपैकी एकाकडून आलाय. अशा रक्तात हिवतापाचे जंतू माजत नाहीत. ताप येतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. गोळ्या मात्र त्यांनाही लागतातच. आणि हाच गुण आई-बाप दोघांकडून आला, तर पोराची हाडं ठणकतात, तो वेगळाच आजार. यात कुणाची कृपा नाही आणि कोपही नाही."

"म्हंजी माईनंच रक्तात..." भगतानं सुरुवात केली.

"मंग माझ्या सांडूला तू काय बांधलं व्हतं रं?" वच्छलाबाईनं विचारलं. भगतानं चपला शोधल्या.

लोकहो, भोंदू नेहमी वाचलेलं पोर पुढं बसवतो. हात जोडण्याआधी एवढंच विचारा: गंडा असलेली पोरं गेली कशी आणि नसलेली जगली कशी? हे विचारायला शिक्षण लागत नाही. चतुरा तेव्हा शाळेत येत नव्हती. आता पहिल्या रांगेत बसते, आणि "कशावरून?" म्हणत मलाही सोडत नाही.