शेवंतीचं बारसं

पोलादपूरच्या स्टँडवर उतरून भिकाजी वाडीची चढण चढू लागला, तेव्हा आईला काय सांगायचं हे त्याचं ठरलं होतं. कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता. भिकाजी दूरच्या एका वेधशाळेत मोजणीच्या कामावर होता. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या अंतराने घेतलेले फोटो काचेवर असत. ते यंत्राखाली आलटून पालटून पाहायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकतो. तो लघुग्रह, मंगळ आणि गुरू यांच्या मधून सूर्याभोवती फिरणारा दगड. मागल्या हिवाळ्यात असा एक ठिपका त्याला दिसला. साहेब खूश होऊन म्हणाले, "कक्षा पक्की झाली, की नाव तू सुचव."

सुट्टीत त्याने हे आईला सांगितलं, आणि तेवढ्यावर न थांबता नाव मागितलं. त्याच्या आधी चंद्राबाईला एक मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. मग हा झाला. काळाची नजर पडू नये म्हणून याला भिकाजी म्हटलं. मुलीसाठी योजलेलं नाव मात्र चंद्राबाईने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"ते आभाळात राहील, आई. आपण गेलो तरी."

"नको रे. निजलेलं हाय ते निजू दे."

त्याने हट्ट सोडला नाही. शेवटी म्हशीला पाणी दाखवताना ती पाठमोरीच म्हणाली, "शेवंती."

आता अर्ध्या चढणीवर गवताचा भारा घेऊन धोंडूबाई भेटली. त्याची आत्या.

"काय रे भिक्या, एकटाच? माझ्या भाचीला नाय आणलीस?"

"कुठली भाची?"

"शेवंती! तू गेलास नि तुझ्या आयनं बारसं घातलं. पाळण्यात ठेवायचं काय? तुझा मामा म्हणतो, ठेवा एक धोंडा, धोंडाच हाय ना तो. असा झाडला तिनं त्याला! मग सुपात तांदूळ पसरले नि मी नाव घेतलं. सगळ्या वाडीला घुगऱ्या वाटल्या. नाव आत्यानंच ठेवायचं असतं, तुझ्या सायबानं नाय."

भिकाजीला हसता आलं नाही. भारा उतरवून येते म्हणत ती तिच्या घराकडे वळली.

आई ओटीवर नाचणी पाखडत होती. चहाचंही न विचारता तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तो दगड नवा नव्हता, आई," तो म्हणाला. "परदेशात कोणी तरी तो फार आधीच पाहिला होता. नावही ठेवलं होतं. पुढे तो त्यांना सापडेना. आता आकडेमोड केल्यावर कळलं, मी पाहिला तो तोच."

"म्हणजे त्यांचं हरवलेलं त्यांना मिळालं."

"हो."

सूप थांबलं. "असं व्हतं कधी कधी?"

"होतं. बरेचदा होतं."

"तुला ठाव व्हतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मग माझ्याकडून नाव का वदवून घेतलंस?"

पक्की खात्री होईपर्यंत काही बोलायचं नाही, हे त्याच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. "मला ते जाणून घ्यायचं होतं," तो म्हणाला. "आणखी काही नाही."

चंद्राबाईने नाचणीतला एक खडा वेचून अंगणात टाकला. "पाण्यावर बाया विचारतात, शेवंती असती तर आता केवढी असती? मी सांगते. लग्नाची, लेकुरवाळी. येवढी वर्षं कोण विचारीत नव्हतं रे." मग हळूच म्हणाली, "आता हे नाव मी परत कुठं ठेवू?"



कुंपणाच्या बेड्यापाशी धोंडूबाईचा आवाज आला, "वयनी, काय म्हणतो गो भिक्या? शेवंती कुठवर पोचली?"

आईने सूप पुन्हा हातात घेतलं. तिने मान वर केली नाही. भिकाजी उठला आणि आत्याला सांगायला अंगणात उतरला.