दहाव्याला आलेला मेल

दासगावला सावित्रीच्या काठी पिंड ठेवून तास उलटला, तरी कावळा शिवेना. पन्नास माणसं भोवती कोंडाळं करून उभी होती. तेवढ्यात मुरारीचा मोबाइल वाजला आणि तो किंचाळला, "वैनी! दादाचा मेल आलाय गो! आत्ता!"

गर्दीनं हात जोडले. मुरारीचा दादा भिकाजी म्हणजे बिरवाडीजवळच्या रसायनाच्या कारखान्यातला सुपरवायझर; मुरारीही तिथंच कामाला. स्फोटात तिघांबरोबर गेला, त्याला आज दहा दिवस झाले होते. व्हॉल्व्ह त्यानंच उघडा टाकला, असं कंपनीनं लिहून दिलं होतं. शाळेत पोरं त्याच्या लेकीला, सेजलला म्हणत, "तुझ्या बापानं तिघं मारली." ते ऐकून तिची आई मीना दहा दिवस धड जेवली नव्हती.

मेल साहेबांना होता, पण सगळ्या कामगारांनाही पाठवलेला; मुरारीनं तो वाचला. "साहेब, फोनवर सांगितलं तेच लेखी देतो. तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय. बॅच थांबवा. भिकाजी."

भुतंखेतं उतरवणाऱ्या रावजी भगताला आयतं घबाड मिळालं. "आत्मा वायरीतून आलाय! मेल्यावर चूक कळली त्याला! आता कोर्टकचेरी कराल तर हितंच अडकंल. नारळ, कोंबडा, आन् तोंड बंद!" कोंबडा म्हणताना त्यानं लाळ गिळली, पण बघतो कोण? मीनानं मुरारीचा फोन घेऊन छातीशी घट्ट धरला. नवरा कुठंतरी आहे, एवढ्यासाठी ती काहीही कबूल करायला तयार होती.

अर्ध्या तासानं माधुरी स्कूटर लावून धावत आली. कारखान्याचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची.

"मीनाताई, ते त्यांनी जिवंतपणी लिहिलंय. त्या दुपारी मेलचा सर्व्हर बिघडला, पाठवलेलं सगळं आतच तुंबलं. सहाला रोजचा बॅकअप झाला, म्हणजे सगळ्यांच्या मेलची नक्कल वेगळ्या डिस्कवर गेली. तुंबलेलेही त्यात गेले. साडेसातला स्फोट झाला, सर्व्हर जळाला. आज मी नव्या सर्व्हरवर ती नक्कल चढवली आणि अडलेले मेल आपोआप सुटले."

"यंत्राला आत्म्याचं काय कळतंय!" भगत गरजला.

"मुरारीभाऊ, त्याखालचा मेल वाचा."

मुरारीनं फोन परत घेऊन वाचलं, "उद्या नाश्त्याला पोहे. हरिबा, कँटीन."

"मग हरिबाकाकांचाही आत्मा आला का?"

गर्दीत उभा असलेला हरिबा स्वतःलाच चाचपू लागला. "म्या जिता हाय रे!"

कुणीतरी हसलं. मीना मात्र हसली नाही. "म्हंजे ते... कुठंच नायत?"

माधुरीचे डोळे भरले. "नाहीत, ताई. पण लिहिल्याची वेळ बघा. चार दहा. स्फोटाच्या तीन तासांहून जास्त आधी. भगताचं ऐकलंत तर हे भुताचं बोलणं ठरेल, आणि भुताची साक्ष कुणी घेत नाही. नक्कल मी आणलीये. नोकरी गेली तर जाऊ दे."

मीना खाली बसली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडली. तिला सावरायला बायका धावल्या, बाकीचे मुरारीच्या फोनभोवती जमले. पिंडापाशी कुणी उरलं नाही.

"शिवला! कावळा शिवला!" भगत ओरडला. "बघा, आत्मा मोकळा झाला!"

मीनानं डोळे पुसले. "मानसं हटली म्हनून आला तो. भूक लागली व्हती त्याला." मग ती उठली. "भाऊजी, रिक्षा बोलवा. महाडला पोलिसांकडं जायचं हाय. माज्या मानसानं जिता असताना सांगितलं व्हतं, ते आता तरी कुनी ऐकंल."

मेलेला बोलला म्हणून पन्नास माणसं हात जोडून उभी राहिली होती. जिवंत माणूस सांगत होता, तेव्हा एकानंही ऐकलं नाही. बाबांनो, चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा, हे लिहिलं कधी?