डोंगराळ प्रांताचं फूल

शेवटच्या देठाला सावली देऊन तिने कुंचला पाण्यात बुडवला आणि हुश्श केलं. संपलं एकदाचं! देशातल्या सगळ्या प्रांतांची सरकारने ठरवलेली फुलं आता एका तक्त्यावर बसली होती. संध्याकाळी छापखान्याचा माणूस तो घेऊन जाणार आणि मग तो शाळाशाळांच्या भिंतींवर लागणार. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घरात आलेलं हे पहिलं धड काम. काम देणारे साहेब खूश झाले तर पुढची कामंही तिलाच मिळणार होती.

सासूबाई टेबल पुसायला आल्या. आठवडाभर त्या रोज टेबल पुसत होत्या, चित्राकडे बघत होत्या, पण तोंडातून ब्र काढत नव्हत्या.

"आई, हे निळं तुमच्या माहेरच्या डोंगरातलं ना? कसं झालंय?"

"छान झालंय की."

फडकं मात्र तिथेच अडकलं. टेबलाचा तो कोपरा काही एवढा मळलेला नव्हता.

"खरं सांगा. संध्याकाळी गेलं की गेलं."

"अगं, एवढी राबलीस तू. मी कशाला नाट लावू?"

"लावा!"

सासूबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "आमच्याकडचं फूल असं मान खाली घालून उभं राहत नाही. वारा असो, पाऊस असो, वरच बघतं, आगाऊ कुठलं! मान खाली घालायला मी इथे येऊन शिकले. फुलाला कोणी शिकवलं?"

ती बघतच राहिली. प्रांताप्रांतांतून फुलं टपालाने, खोक्यांतून आली होती. हे बिचारं सगळ्यात लांबचं, वाटेतच कोमेजलेलं. समोर दिसलं ते तिने अगदी प्रामाणिकपणे काढलं होतं, आणि वर साहेब "किती नाजूक!" म्हणाले होते.

तिने मन घट्ट करून साहेबांना फोन लावला. ते करवादलेच.

"कोणाला कळणार आहे, बाई? कोणत्या पुस्तकात लिहिलंय असं?"

"पुस्तकात नाही, आमच्या घरात आहे. उद्यापर्यंत थांबा. नाहीतर तक्त्यावर माझं नाव घालू नका."

पलीकडे साहेबांनी कोणाला तरी हाक मारून छपाईचं विचारलं. मग, "उद्या सकाळी. आणि पुन्हा फोन नको."

सासूबाई समोर बसल्या. कोपर टेबलावर टेकवून त्यांनी बोटं पाकळ्यांसारखी उघडली. "अशी. नाही, अजून थोडी सैल." त्या हाताकडे बघत बघत ती फूल नव्याने काढत गेली. नवऱ्याने न सांगता दोनदा चहा आणून ठेवला.

फूल ताठ उभं राहिलं तेव्हा तिने सासूबाईंचा अवघडलेला हात आपल्या हातात घेतला.

"तुम्ही बोललात म्हणून वाचले, आई. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? तू विचारलंस म्हणून बोलले. या घरात आजवर माझ्या डोंगराची चौकशी केलीय कोणी?"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि तक्त्यावर वाकून नदीकाठच्या पिवळ्या फुलाकडे पाहिलं.

"आणि हे तुझ्या माहेरचं ना गं? हे तरी नीट आलंय?"

ते फूल तिने खोकं न उघडता, आठवणीतूनच काढलं होतं.

"आलंय," ती म्हणाली, आणि त्या पिवळ्या पाकळ्यांवरून हळूच बोट फिरवत राहिली.

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"अगं, सांग की, कसं असतं ते."