उलटा काटा

घड्याळांचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली, तरी आप्पा सकाळी सहाला उठत आणि गळ घेऊन तळ्यावर जात. सून प्राण्यांची डॉक्टर. तळमजल्यावरच तिचा दवाखाना. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ही दोघंच. एरवी त्यांचं छान जमायचं, खटके उडायचे ते फक्त गळावरून.

"आप्पा, माशांना दुखत असेल हो."

"डॉक्टरीणबाई, माशाने कधी हूं की चूं केलंय?"

"तोंडात गळ असताना करणार कसं?"

त्या सकाळी आप्पा लवकर परतले. स्वेटरमध्ये गुंडाळून बदक आणलं होतं. चोच अर्धवट उघडी होती. तिच्यातून निघालेली नायलॉनची दोरी डाव्या पायाला करकचून आवळली होती, आणि पाय सुजून काळा पडला होता.

"जरा ओढून पाहिली. रक्त आलं, मग सोडून दिली," आप्पा म्हणाले.

"बरं केलंत. आणखी ओढली असती तर जीभच हातात आली असती."

मदतनीस रजेवर होती. सुनेने बदकाला गुंगीचं औषध दिलं आणि आप्पांना धरायला उभं केलं. सवयीने त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. गळ जिभेत आरपार रुतला होता. बदकाच्या पोटात किती दिवस काही गेलं नव्हतं कोण जाणे. छातीचं हाड बोटांना टोचत होतं.

"टोकाजवळ उलटा काटा आहे ना, तो जाताना सरळ जातो आणि येताना मांस फाडतो. म्हणून आधी काटा कापायचा आणि मग गळ मागे घ्यायचा. पण माझी पक्कड कुत्र्यांसाठीची आहे. या चोचीत कशी मावणार?"

आप्पा वर जाऊन आपली बारीक पक्कड घेऊन आले. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत आयुष्य काढलेला तो हात जराही हलला नाही. कट् असा आवाज झाला. सुनेने गळ अलगद मागे घेतला आणि ट्रेमध्ये टाकला.

आप्पा ट्रेमध्ये बघत राहिले. गळाच्या गाठीवर लाखेचा ठिपका होता.

"ही गाठ माझी आहे," ते म्हणाले. "लाख मीच लावतो, सुटू नये म्हणून. मागच्या महिन्यात दोरी वेलींत अडकली होती. तोडून टाकली आणि घरी आलो."

'मी सांगत नव्हते का' हे सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "याला दिवसातून दोनदा औषध द्यायचंय. ते तुमच्याकडे."

पायाचं एक बोट काढावंच लागलं. नऊ दिवस बदकाने न्हाणीघर बळकावलं आणि आप्पा त्याच्या परवानगीने आंघोळ करू लागले. भिजवलेले दाणे ते एकेक करून भरवत. दहाव्या दिवशी दोघांनी त्याला तळ्यावर सोडलं. ते लंगडत पाण्यापर्यंत गेलं, जरा तिरकं पोहलं आणि वळूनही न बघता निघून गेलं.

"कृतघ्न लेकाचं," आप्पा डोळे पुसत म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी लहान मासे सोडून देतो. ते जगतात ना गं?"

"ओठात लागला असेल तर बहुतेक जगतात. गळ गिळला असेल तर ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा. आणि कोरड्या हाताने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो."

दुपारभर आप्पा डबा उघडून बसले आणि एकूण एक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. तळ्यावरचे सोबती हसले. "आप्पा, मासे धरताय की नुसती चौकशी करताय?"

पुढच्या रविवारी चहाचा थर्मास घेऊन सूनही बरोबर गेली. तासाभराने दोरी ताणली. चांगला हातभर मासा वर आला, एकदा उसळला आणि गळावरून निसटून गेला.

"गेला," ती म्हणाली.

"गेला," आप्पा म्हणाले. पाणी शांत होईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले. "जरा सरक बघू, तुझी सावली पडतेय. आणि चहा दे."