तिसरा डोळा आणि शेवटचा बाक

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर माझी भाची, दादाची मुलगी, उभी होती, डोळ्यांवर कापसाचे बोळे आणि त्यावर काळी पट्टी. हातातलं एकेक कार्ड नाकाशी नेत ती म्हणाली, “लाल... सात... हत्ती.” टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेली वहिनी चक्क रडायला लागली.

“पाहिलंत? पुस्तकाला नुसता हात लावायचा, धडा आपोआप मेंदूत! तिसरा डोळा उघडला की पहिला नंबर जातो कुठे?” मेंदूगुरू गरजले. मुलांचे मेंदू उघडून देणं हा यांचा धंदा. स्वतःचं भाषण मात्र कागदावर बघून वाचत होते, तेही चष्मा लावून.

मी दुसऱ्या शाळेत विज्ञान शिकवते. दादाला म्हटलं, “अरे, ही नाकाखालून बघतेय.”

“तू गप्प बस गं. तुझ्या विज्ञानाने इतक्या वर्षांत काय दिवे लावले? यंदा नापास झाली तर शाळा बंद. मावशीच्या दुकानात बसेल.”

पोरगी माझ्याजवळ बसून गणितं पटापट सोडवते आणि शाळेत भोपळा आणते, याचं मला कोडंच होतं. या शाळेची तऱ्हा अशी, की मार्कांप्रमाणे बाक मिळतो. हुशार पुढे, ‘ढ’ मागे. चौथीपासून सरकत सरकत ती आठवीत मागच्या भिंतीला टेकली होती.

मला राहवेना. मी मंचावर गेले. “कार्ड जरा कपाळासमोर धरते. तिसरा डोळा तिथेच असतो ना?”

लोक हसले. गुरूंना नाही म्हणता येईना. मी कार्ड वर धरलं, तशी भाची मान मागे टाकून धडपडू लागली. मी तिच्या नाकाखाली हात आडवा धरला. “आता?”

“नाही दिसत, आत्या.”

“शंका घेतली की ऊर्जा खंडित होते!” गुरू ओरडले.

“ऊर्जा कसली? फट बंद झाली. नाकाच्या उंचवट्यामुळे पट्टी गालाला चिकटत नाही, खालून दिसतं. घरी कुणीही करून बघा.”

मी पट्टी सोडली. भाची हुंदके देत म्हणाली, “सर म्हणाले, कुणाला सांगितलंस तर मेंदू कायमचा बंद पडेल.”

माझं डोकंच फिरलं. “घाबरू नकोस. आता उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीवरचं वाचून दाखव सगळ्यांना.”

भिंतीवर हातभर मोठी अक्षरं होती. तिने डोळे बारीक केले. “कुठे लिहिलंय?”

“वर्गात फळा दिसतो का गं तुला?” मी विचारलं.

“पहिल्या बाकावर होते तेव्हा दिसायचा.”

दादाची मान खाली गेली. मुख्याध्यापक मात्र म्हणाले, “बाकांचा नियम बदलता येणार नाही. आधी मार्क आणू दे, मग पुढे बसवू.” आणि निम्मे पालक गुरूंना पुढच्या वर्गाची तारीख विचारत होते!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला जाड भिंगांचा चष्मा दिला. दुकानाचा विषय दादाने पुन्हा काढला नाही. गुरूंचा पुढचा वर्ग मात्र भरला.

किती वेळा घसा कोरडा करायचा? मुलाला मार्क पडत नसतील तर त्याची झोप पुरते का बघा, पोटात काय जातं ते बघा, अभ्यासाला शांत कोपरा आहे का बघा. तिसरा डोळा उघडायच्या आधी आहेत ते दोन तपासून घ्या. आणि त्याला जवळ घेऊन विचारा, बाळा, तुला फळा दिसतो का? आमच्या पोरीला हे विचारायला आम्हाला चार वर्षं लागली.