सेल्फीतलं भूत

धायरीच्या मंगल कार्यालयात शालूला पाटावर बसवलं होतं. मागे देवीची मूर्ती, डोक्यावर झेंडूची जाड कमान आणि पाटाशेजारी नवाकोरा दोरखंड. समोरची शे-दीडशे माणसं मोबाईल उंचावून देवीकडे पाठ करून उभी होती. तेजनाथ महाराजांची आज्ञाच होती तशी. "भूत डोळ्यांना दिसत नाही! सेल्फी काढा. कॅमेरा खोटं बोलत नाही!"

त्यांनी मंत्र सुरू केला आणि प्रत्येक सेल्फीत शालूच्या डोक्यावर जांभळट उजेड थरथरला. बायका किंचाळल्या.

"गोळ्यांवर पोसलंय ते," महाराज म्हणाले. "गोळ्या बंद केल्यात ना? आता तिन्हीसांजेला खडकवासल्याच्या पाण्यात हिला बांधून धरा. ते बाहेर पडेपर्यंत वर काढू नका."

शालू माझी शेजारीण. तिला फिट्स येतात, बाकी अंगात कोणी येत नाही. गोळ्या बंद झाल्यापासून तिची बोटं वाकडी व्हायला लागली होती. तिचे सासरे हिंदुराव दोरखंड उलगडू लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण मला खटकलं ते वेगळंच. गाभाऱ्यातून निघतानाही आपण देवीला पाठ दाखवत नाही. हा गृहस्थ मात्र सगळ्यांना पाठ फिरवायला लावतो! मी देवीकडे तोंड केलं आणि मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. मंत्र चालू होता, बाजूला उभ्या बाईच्या सेल्फीत भूत नाचत होतं, माझ्या पडद्यावर मात्र नुसता झेंडू.

"अहो महाराज, भुताला मागचा कॅमेरा चालत नाही का?"

"बाई, सत्यानाश होईल!"

"होईल तेव्हा बघू."

भिंतीवरचा एसीचा रिमोट काढून मी त्या बाईच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर दाबला आणि पडदा हिंदुरावांपुढे धरला. तोच जांभळट उजेड.

"आता या रिमोटच्या अंगात कोण आलंय, हिंदुराव?"

हिंदुरावांनी दोरखंड टाकला आणि कमान ओढली. फुलांतून बारीक बल्ब निघाले. त्यांची वायर महाराजांच्या आसनाखालच्या बटणापर्यंत गेली होती.

"हा अवरक्त प्रकाश," मी सगळ्यांना सांगितलं. "आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सेन्सरला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात तो अडवणारी काच चांगली असते, पुढच्यात बऱ्याचदा तशी नसते. म्हणून सेल्फी."

"म्हंजी म्या... म्या हिला बुडवून मारली असती की!" हिंदुरावांनी दोरखंड पायानं दूर लोटला. गर्दीतल्या काहींनी महाराजांना धरलं, तर काही जण अजूनही त्यांच्या पाया पडत होते. ते बघून मला जास्त भीती वाटली.

शालूचं अंग ताठ होऊ लागलं. पुन्हा चार मोबाईल वर झाले.

"फोटो नका काढू," ती कशीबशी म्हणाली. "मला दवाखान्यात न्या."

रिक्षा बोलवायला मीच धावले. वाचकहो, एवढंच करा. कॅमेऱ्यात काय दिसतं ते नंतर तपासता येतं, माणसाला आधी डॉक्टरकडे न्या.